मँगेनीजच्या दोन रेषा

नेदरलँड्समधील एका प्रयोगशाळेत पीएच.डी.साठी रुजू झाल्यावर माझ्याकडे पहिले काम आले ते एका अतिसंवाहक सूक्ष्म-उष्णतामापकाचे, म्हणजे क्ष-किरणाच्या एकेका फोटॉनची ऊर्जा त्याने आणलेल्या उष्णतेवरून मोजणाऱ्या संवेदकाचे. लोह-५५ या किरणोत्सारी स्रोतातून निघणाऱ्या मँगेनीजच्या क्ष-किरणांत दोन प्रबळ रेषा ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, एकमेकींपासून अवघ्या ११ इलेक्ट्रॉनव्होल्टवर असतात. सिलिकॉनच्या सीसीडीवर (कॅमेऱ्यात असते तशा चिपवर) त्यांचा एकच फुगवटा दिसतो. मला त्या वेगळ्या करून दाखवायच्या होत्या.

हा संवेदक सुमारे ९० मिलिकेल्विनला, अतिसंवाहक आणि साधा धातू यांच्या नेमक्या सीमेवर, स्थिर विद्युतदाबाने धरून ठेवतात. क्ष-किरणाचा एक फोटॉन शोषला गेला की तापमान किंचित चढते, रोध झपाट्याने वाढतो आणि प्रवाह घटतो; ती घट शेजारीच थंडाव्यात बसवलेला स्क्विड, म्हणजे अतिसूक्ष्म चुंबकीय बदल मोजणारे अतिसंवाहक उपकरण, टिपतो.

माझ्या पहिल्या आलेखात रेषा होत्या, पण पसरट. गोंगाटाच्या वर्णपटात ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींवर सुळके उभे होते, शिवाय १.४ हर्ट्झला शीतयंत्राच्या ठोक्यांची खूण होती. दोष क्रायोस्टॅटच्या, म्हणजे संवेदक ज्यात थंड ठेवतात त्या पात्राच्या, आतच असणार, असे मी धरून चाललो. क्रायोस्टॅट उघडायचा म्हणजे सगळे खोलीच्या तापमानाला आणायचे, आणि मग पुन्हा ५० मिलिकेल्विनपर्यंत उतरायचे. प्रत्येक तर्कामागे एक आठवडा जाई. असे पाच आठवडे गेले. संवेदकाची पट्टी घट्ट केल्यावर १.४ हर्ट्झचा सुळका खाली आला, ५० हर्ट्झचे मात्र जागचे हलले नाहीत.

अखेर दोष सापडला तो बाहेर. स्क्विडच्या प्रवर्धकाकडे जाणाऱ्या केबलचे आवरण दोन्ही टोकांना भूसंपर्कित होते आणि त्या वळशात वीजपुरवठ्याची लहर शिरत होती. एक टोक सोडवले. मग प्रत्येक स्पंद (एका फोटॉनमुळे प्रवाहात आलेली घट) सरासरी स्पंदाशी, गोंगाटाचे वजन लावून, पडताळला आणि तापमानाच्या संथ सरकण्याची दुरुस्तीही केली.

एवढा आटापिटा कशासाठी, हे मला हितोमी या जपानी क्ष-किरण उपग्रहाच्या २०१६ मधील निरीक्षणामुळे नीट उमगले होते. ययाती दीर्घिकासमूहातील तप्त वायूची सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटरची खळबळ त्याने रेषांच्या काही इलेक्ट्रॉनव्होल्टच्या रुंदीवरून मोजली, तीही केवळ ३६ पिक्सेलच्या, अर्धसंवाहक तापमापकांच्या उपकरणाने. पुढच्या उपकरणांना हजाराहून अधिक पिक्सेल हवे आहेत आणि तेवढ्या तारा थंडाव्यात उतरवल्या तर त्यांच्यावाटे येणारी उष्णता शीतयंत्राला पेलवणार नाही. त्यावरचा एक मार्ग म्हणजे प्रत्येक संवेदकाला स्वतःची वारंवारता देऊन अनेकांचे संकेत एकाच स्क्विडमधून वाचणे.

त्या रात्री पडद्यावर दोन्ही रेषा वेगळ्या उभ्या राहिल्या. विभेदनक्षमता, म्हणजे ऊर्जेतला किती बारीक फरक ओळखता येतो ते माप, तीन इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आत आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच स्क्विडवरचा शेजारचा पिक्सेल, त्याच्या स्वतःच्या वारंवारतेवर, सुरू केला.