फक्कीची रेघ

दोघा भावांच्या घराचं काम सांगायला ठाण्याहून धाकट्याचा फोन आला तेव्हाच मी ओळखायला हवं होतं, की इथे पैसे देणारा एक आणि राहणारा दुसरा. गुहागर तालुक्यातलं गाव, सहा गुंठे जागा, जुनं घर खचलेलं. मोठा भाऊ आणि वहिनी बारा महिने तिथेच. धाकटा येणार गणपतीत आणि मे महिन्यात.

पहिल्याच मीटिंगला मी घोडचूक केली. कच्चे प्लॅन न्यायचे सोडून थ्रीडी व्ह्यू घेऊन गेले. पांढऱ्या भिंती, दोन मजली उंचीचा हॉल, मागे सूर्यास्त. (त्या जागेवरून सूर्यास्त दिसत नाही, पश्चिमेला डोंगर आहे. सॉफ्टवेअरमध्ये मिळाला म्हणून टाकला.) मग दोन तास रेलिंग काचेचं की स्टीलचं, यातच गेले. स्वयंपाकघर कुठे आहे, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. वहिनी चहा ठेवून दाराशी उभ्या राहिल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "छान आहे की." आमच्या धंद्यात "छान आहे" ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. क्लायंट भांडला तर निदान काय हवंय ते कळतं.

आम्हा आर्किटेक्टांच्या कौन्सिलच्या नमुना करारात संकल्पनेच्या टप्प्याला एकूण फीचे १० टक्के धरलेत. घर खरं ठरतं ते याच टप्प्यात, आणि नेमकी याचीच फी मागायला गेलं की ऐकायला मिळतं, "अजून कुठे काय झालंय, नुसती चित्रंच तर आहेत."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात लॅपटॉप चिपळूणलाच ठेवून मी गावी गेले. बरोबर गवंडी, सुतळी, खुंट्या, टेप आणि फक्कीची, म्हणजे आखणीच्या पांढऱ्या भुकटीची, पिशवी. जुन्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत गवंड्याने तीन-चार-पाच धरून गुण्या, म्हणजे काटकोन, काढला आणि तासाभरात अख्खं घर तांबड्या मातीवर पांढऱ्या रेघांनी उमटलं. धाकटा व्हिडिओ कॉलवर होता. पहिलीच तक्रार, "मॅडम, हॉल एवढासा?" उघड्यावर आखलेली खोली नेहमी लहान दिसते. मोठ्या भावाने आतून खाट आणि दोन खुर्च्या आणून रेघांच्या आत मांडल्या. तेव्हा धाकट्याचा जीव भांड्यात पडला.

वहिनी मात्र रेघांवर पाय न देता, जिथे दार दाखवलं होतं तिथूनच आत शिरल्या. स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या, मागे वळल्या आणि म्हणाल्या, "मागलं दार कुठाय?" मी दाखवलं. "आणि त्या दारापलीकडे पडवी?" मागे पडवी नव्हती. मग झाली सुरुवात. पावसाळ्यात लाकडं कुठे ठेवायची, भांडी कुठे घासायची, नैर्ऋत्येकडून झड येते तेव्हा दर वर्षी झावळ्यांचे झाप बांधावे लागतात ते कुठे बांधायचे. दोन मजली हॉलचं त्यांनी एका वाक्यात मिटवलं, "वरची जळमटं कोण काढणार?" फोनवर बराच वेळ शांतता.

मग त्या आतून पाट घेऊन आल्या, केळीचं पान कापून आणलं. पुढच्या पडवीच्या रेघेत पाट मांडून नवऱ्याला म्हणाल्या, "बसा." पुढ्यात पान टाकलं. हातात भातवाढणं असल्यासारखा हात धरून त्या पानापलीकडून चालू लागल्या आणि तिसऱ्या पावलाला रेघेबाहेर गेल्या. "गणपतीत वाढपी असाच अंगणात पडणार का?"

मी पडवी पाच फूट धरली होती. कागदावर सुबक दिसत होती. त्यांना साडेसहा हवी होती. मी अडचण सांगितली: छपराचा उतार तोच ठेवून पडवी फूटभर वाढवली की छपराची कड सातेक इंच खाली येते, मग येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपाळाला लागेल. घासाघीस होऊन सहावर तोडगा निघाला. गवंड्याने जुनी रेघ पायाने पुसली, नवी मारली. तीन तासांत त्या घराचा निम्मा प्लॅन बदलला होता आणि रेलिंगचं नावही कुणी काढलं नव्हतं. बटर पेपरवर पेन्सिलीने सगळं उतरवून घेतलं, दोघांच्या सह्या घेतल्या, धाकट्याला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला. जरा हिरमुसला असणार.

त्या रात्री वळवाचा पाऊस झाला. सकाळी वहिनींचा फोटो आला. फक्की सगळी वाहून गेली होती, पण पुढच्या पडवीची रेघ चुलीतल्या राखेने पुन्हा ओढलेली. शेजारी टेप पसरून ठेवलेली. फोटो मोठा करून पाहिला. साडेसहा फूट.

मी छप्पर जांभ्याच्या एका चिऱ्याने उचललं.