कामाचा तिसरा दिवस

२०१९ च्या पावसाळ्यात मी गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात पर्सोनेल सांभाळत होते. त्याच जुलैपासून ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेची, वर्गणी उतरली होती. मालकाची ३.२५ टक्के आणि कामगाराची ०.७५ टक्के झाली होती. नवे दर पगारपत्रकात बसवत असतानाच खालून आरडाओरडा ऐकू आला.

पंचिंग मशीनमध्ये सत्तरी तालुक्यातल्या एका पोराचा हात सापडला होता. वय बावीस, कॉन्ट्रॅक्टरचा माणूस, कामाचा तिसरा दिवस. उजव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेरं गेलं होतं. सुपरवायझरने हाताला फडकं करकचून बांधलं आणि कंपनीच्याच गाडीतून त्याला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं.

संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टर आला आणि त्याने सरळ त्या पोराच्या आईला गाठलं. पाच हजार रुपये तिच्या हातात ठेवून म्हणाला, "घरी कोयता लागला असं सांगा. तीन दिवसांत कसला आलाय ईएसआय? त्याचं नावसुद्धा चढवलेलं नाही अजून."

ती माऊली नोटा पदरात घट्ट धरून माझ्या टेबलासमोर उभी राहिली. मी तिला बसवलं आणि हिशेब मांडला. आजारपणाचा भत्ता मिळायला आधीच्या सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी जमा असावी लागते. तो मिळतो पगाराच्या ७० टक्क्यांनी आणि वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. मुलगा घरी जखमी झाला असं लिहिलं, तर त्याला एक पैसाही मिळणार नव्हता. कामावरच्या अपघाताला मात्र वर्गणीची अट नाही. पहिल्याच दिवशी हात गेला तरी हक्क असतो. भत्ता ९० टक्के, आणि डॉक्टर जोवर कामाला अयोग्य म्हणतील तोवर.

"म्हणजे रोज पाचशे असतील तर साडेचारशे?" तिने लगेच विचारलं. मी हो म्हटलं.

"बाय, हे पैसे परत केले तर ते नक्की मिळतील ना?"

त्या घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. अशा बाईला नुसतं 'बघू' म्हणणं मला पाप वाटतं. मी तिच्यासमोरच मॅनेजरसाहेबांकडे गेले. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाची वर्गणी आधी मूळ मालकाने, म्हणजे कारखान्याने, भरायची आणि मग कॉन्ट्रॅक्टरच्या बिलातून कापून घ्यायची, असं तेव्हा लागू असलेला ईएसआयचा १९४८ चा कायदाच सांगत होता, हे त्यांना समजावलं. नाव नोंदवलेलं नाही ही चूक कामगाराची नाही, त्याची झळ त्याला लागता कामा नये. साहेब थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "रिपोर्ट आजच जाऊ दे."

पुरावा आम्हाला गेटवर सापडला. हजेरीपटावर त्याचं नाव नव्हतं, पण आमचा सिक्युरिटीवाला आत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि वेळ आपल्या जाड वहीत लिहून ठेवायचा. तिन्ही दिवसांच्या पानांवर त्याचं नाव होतं, शेजारी डाव्या-उजव्या कलत्या सह्या होत्या. तिसऱ्या दिवशीची सही सर्वांत ठसठशीत होती. ती पाहून मला गलबलून आलं. त्याच बोटांनी पेन धरलं होतं त्याने, आणि थोड्याच वेळात मशीनवर उभा राहिला होता.

त्या वहीच्या झेरॉक्ससह अपघाताचा रिपोर्ट गेला. चौकशीला अधिकारी आले, त्यांनी मशीन पाहिलं, सुपरवायझरचा जबाब घेतला. पोरगा फोंड्याच्या ईएसआय डिस्पेन्सरीत जाऊन सर्टिफिकेटं आणत राहिला. पैसे यायला वेळ लागला, आणि मधले दिवस त्या घराने उधारीवर काढले. हे मला आजही सलतं. पोटाला चिमटा नसला तरी वाण्याच्या दारात उभं राहणं सोपं नसतं. शेवटी रक्कम खात्यात जमा झाली, मागची सगळी धरून.

फिट सर्टिफिकेटनंतर मी त्याचं प्रकरण कायमचं अपंगत्व ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डासाठी लावून धरलं. तर्जनीचं एक पेरं गेलं तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईच्या क्षमतेतली घट ९ टक्के धरली होती. त्याची भरपाई वेगळी, आणि ती बहुतेकांना कोणी सांगतच नाही.

आईने पाच हजार कॉन्ट्रॅक्टरला परत केले, माझ्यासमोर, मोजून. त्यानंतर कॉन्ट्रॅक्टरची नवी माणसं आली की गेटवरून आधी माझ्या टेबलाकडे यायची. आधार कार्ड, बँक पासबुक, ईएसआय नंबर. तो पडला की मगच मशीन.