गाठ बाळाला की मला?

काल पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला, कोरिओअँजिओमाच (वारेतली, म्हणजे प्लासेंटातली, रक्तवाहिन्यांची गाठ) निघाला, आणि दोन महिन्यांपूर्वीची ती सोनोग्राफी डोळ्यासमोर आली.

एका गरोदर बाईचा 27वा आठवडा, पोट दिवसांच्या मानाने मोठं म्हणून माझ्याकडे पाठवलेलं. प्रोब ठेवताच पाणी जास्त दिसलं, मोजलं तर एएफआय, म्हणजे गर्भजलाचं माप, 29. बाळाचा मेंदू, मणका, जठर, सगळं नीट, मग एवढं पाणी कशामुळे? वारेवर आले आणि थांबलेच. नाळ जिथे चिकटते त्याच्या शेजारीच गोल गाठ, 6 सेंटीमीटर, पाण्याच्या बाजूला फुगलेली. आधी वाटलं फायब्रॉइड किंवा रक्ताची गुठळी असेल, पण रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारा कलर डॉप्लर लावला तर अख्खी गाठ रंगांनी भरली, गुठळीत असं रक्त फिरत नाही, आणि आतले ठोके मोजले तर मिनिटाला 144, म्हणजे आईचे नाहीतच, बाळाचे.

तिने विचारलं, "डॉक्टर, गाठ बाळाला आहे की मला?"

खरं सांगते, इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. म्हटलं, दोघांनाही नाही, वारेला आहे, पण तिच्यातून रक्त बाळाचं फिरतंय. कॅन्सर नाही, पसरणारी नाही. बारीक असते तेव्हा बहुतेक वेळा कळतही नाही, 4-5 सेंटीमीटरच्या वर गेली की मात्र बाळाच्या हृदयाला जास्तीचं रक्त ढकलावं लागू शकतं, अ‍ॅनिमिया होऊ शकतो, अंगात पाणी साठू शकतं. त्यामुळे "साधी गाठ आहे, काळजी नको" असं म्हणणं मला जमलं नाही, जमूही नये असं वाटतं.

मग बाळाच्या मेंदूतल्या मिडल सेरेब्रल आर्टरीत रक्ताचा वेग बघितला. 1.5 एमओएमच्या, म्हणजे त्या आठवड्याच्या मध्यक वेगाच्या दीडपटीच्या, वर गेला तर अ‍ॅनिमियाची शंका घ्यायची आणि पोटातच रक्त द्यायची तयारी ठेवायची. तिचा 1.3 आला. तो आकडा दिसेपर्यंत माझ्या हाताला घाम फुटलेला.

त्यानंतर दर आठवड्याला ती यायची, आत येताच विचारायची, "आज किती?" 1.3, 1.35, एकदा 1.42 आला तेव्हा दोघीही गप्प झालो, आणि तीन दिवसांनी परत बोलावलं.

35व्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. बाळ जरा फिकट होतं पण जोरात रडलं. मी मुद्दाम लेबर रूममध्ये गेले, ट्रेमधल्या वारेवर तो लालसर तपकिरी घट्ट उंचवटा होता. तिने बघायला मागितला, बराच वेळ बघत राहिली, मग बाळाकडे वळून म्हणाली, "एवढं ओझं ओढत होतास रे?"