झेड८० + पिको: डेटा बस एकदाची ताळ्यावर आली

काल रात्री झेड८० ने (जुना ८-बिट प्रोसेसर, माझ्याकडे ५ व्होल्टवर) रास्पबेरी पाय पिकोमधला (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, ३.३ व्होल्टचा) मॉनिटर प्रोग्रॅम, म्हणजे टर्मिनलवरून कमांड घेणारा छोटा प्रोग्रॅम, न अडखळता चालवला. टर्मिनलवर प्रॉम्प्ट आला आणि रिसेट दाबदाबूनही तो येतच राहिला!

गेल्या अपडेटमध्ये झेड८० डेटा बसवरून (दोघांमधल्या आठ डेटा तारा) नुसता कचरा वाचत होता. मधे ३.३ आणि ५ व्होल्टची सांगड घालायला, दिशा आपोआप ओळखणारा टीएक्सबी०१०८ लावला होता. सप्लायमध्ये खोट नव्हती: ए बाजूला ३.३, बी बाजूला ५, म्हणजे ए कधीच बी-पेक्षा वर नाही. ओई पिनही (आउटपुट चालू-बंद करणारी) ए बाजूच्या व्होल्टेजला बांधलेली. तरी ऑसिलोस्कोपवर डी३ या डेटा तारेचा शून्य खाली बसेचना, १.४ व्होल्टच्या आसपास लटकलेला. झेड८० ला शून्य ०.८ च्या आत हवा. कारण बसवरचे १० के (किलोओहम) पुलअप, म्हणजे तारेला ५ व्होल्टकडे ओढणारे रेझिस्टर. हा चिप पातळी धरून ठेवतो ती सुमारे ४ के मधून, म्हणजे ५ × ४/१४ = १.४३. डेटाशीट ५० के-पेक्षा मोठे पुलअप मागते. पण पुलअप मला हवेच आहेत: रिकाम्या पत्त्यावर एफएफ (सगळे बिट एक) वाचलं की आरएसटी ३८ (ठरलेल्या पत्त्यावर उडी मारायची सूचना) लागतो आणि भरकटलेला प्रोग्रॅम लगेच पकडता येतो.

म्हणून टीएक्सबी काढला आणि साधा ७४एलव्हीसी२४५ (दिशा पिनने सांगावी लागणारा बफर) बसवला, सप्लाय फक्त ३.३. (याची मर्यादा ३.६, सवयीने ५ च्या रेलवर टोचू नका.) इनपुटला ५ व्होल्ट चालतात, त्यामुळे पिको सुरक्षित. उलट दिशेला ३.३ पुरतात, कारण सीमॉस झेड८० ची डेटा पिन २.२ लाच एक मानते. ए बाजू झेड८० कडे ठेवली की झेड८० ची आरडी (‘वाचतोय’ सांगणारी) पिन थेट बफरच्या डीआयआर-वर (दिशा) आणि एमरेक (‘मेमरी हवी’ सांगणारी) ओई-वर. मधे एकही गेट नाही. हे जमलं तेव्हा जाम मजा आली.

क्लॉकचे मात्र लाड वेगळे. त्याला व्हीसीसी (सप्लाय) उणे ०.६, म्हणजे ४.४ व्होल्ट लागतात. तिथे ७४एचसीटी१२५ बफर, ५ वर. एचसीटी-च घ्या. लॅमिंग्टन रोडच्या एका काउंटरवर ‘सेम आहे, घेऊन जा’ म्हणत एचसी पुढे केला. त्याला ५ वर ३.५ चा इनपुट लागतो, आपले ३.३ कधी चालणार, कधी नाही. आणि एचसीटी-चा सप्लाय ४.५ च्या खाली नको, म्हणून ५ व्होल्ट पिकोच्या व्हीबस-वरून (थेट यूएसबीचे) घेतले. व्हीसिस (पिकोची दुसरी सप्लाय पिन) डायोडनंतर येतो, तिथे आधीच घसरण असते.

आता याचाच पीसीबी टाकणार होतो. पण लिहिता लिहिता सुचलं, यूएसबी काढून झेड८० वेगळ्या ॲडॅप्टरवर चालू राहिला तर? म्हणजे पिकोची बाजू शून्यावर आणि झेड८० ची चालूच. ७४एलव्हीसी८टी२४५ च्या दोन्ही बाजू १.६५ ते ५.५ घेतात आणि एक सप्लाय शून्यावर गेला की आउटपुट सुटे होतात. पाय बारीक आहेत, सोल्डरिंगला डोळे फुटतील. पण झेड८० चं उत्पादन २०२४ मध्ये थांबलंय, उरलेले चिप जाळायची माझी तयारी नाही. पीसीबी थांबवलाय, आधी ॲडॅप्टर बोर्डावर ८टी२४५ लावून बघतो.