निळ्या कापडामागे : आमची वाटचाल

ऑफिसच्या पार्टीत पुरुष मंडळींनी करायचे तीन-चार मिनिटांचे अ‍ॅक्ट आम्ही बसवून देतो. कलाकार पाठवत नाही. स्टेजवर दिसतात ते त्याच ऑफिसातले लोक, कुणी हिशेब बघणारे, कुणी गोदाम सांभाळणारे, कुणी सर्व्हरशी झटणारे. आम्ही विंगेत असतो.

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो. मी कार्यक्रमांचं साउंड आणि लाइट बघायचो, माझी भागीदार नृत्य शिकवायची. पार्टीमागून पार्टी मला एकच चित्र दिसायचं. बायकांचा ग्रुप आठवडा-दोन आठवडे तालीम करून आलेला असायचा. मग अँकर 'आता आपले जेंट्स!' म्हणून ओरडायचा आणि सहा-सात जणांना हाताला धरून वर नेलं जायचं. दोघं नाचायचे, उरलेले टाळ्या वाजवत हळूहळू पडद्याकडे सरकायचे. कन्सोलमागे उभं राहून मला फार वाईट वाटायचं. त्यांना स्टेजवर यायचं नव्हतं असं नाही. वर आल्यावर नेमकं काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसायचं.

पहिला अ‍ॅक्ट बसवला तो टेबलावरच्या छोट्या माणसाचा. अनेकांनी तो कुठेतरी पाहिलेला असतो. एक जण टेबलामागे उभा राहतो. त्याचे हात लहान मुलाच्या पँटमध्ये आणि पंजे बुटांत, म्हणजे ते झाले पाय. दुसरा त्याच्या पाठीमागे पडद्याआड दडतो आणि काखेखालून आपले हात पुढे काढतो. तोंड एकाचं, हात दुसऱ्याचे. छोटा माणूस सकाळी उठून ऑफिसला निघतो, दात घासतो, भांग पाडतो, टाय बांधतो. मागच्याला काही दिसत नसतं, त्यामुळे कंगवा कानात जातो आणि ब्रश नाकावर. इथे एकच गोष्ट शिकवावी लागते : मुद्दाम चुकायचं नाही. मागच्याने अगदी जीव ओतून नीटच भांग पाडायचा प्रयत्न करायचा. त्याने ठरवून घोळ घातला की दुसऱ्या मिनिटाला हशा थांबतो.

मागची जागा त्या ऑफिसातल्या सगळ्यात अबोल गृहस्थांनी मागून घेतली होती. 'मी दिसणार नाही ना?' एवढंच विचारलं त्यांनी. शेवटी पडदा बाजूला झाला तेव्हा लोक खुर्च्या सोडून उभे राहिले. ते गृहस्थ घामाने निथळत होते. त्या रात्री आम्ही हेच काम करायचं ठरवलं.

पुढच्याच वर्षी माझ्या हातून एक चूक झाली, ती इथे लिहायलाच हवी. एका टीमने स्किट मागितलं होतं. त्यांच्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याची चालण्या-बोलण्याची नक्कल त्यात हवी होती. 'त्यांना गंमत वाटेल, खिलाडू आहेत ते,' असं सगळे म्हणाले. मी स्किट लिहिलं. हॉल हसला, तेही हसले. कार्यक्रम संपल्यावर मी वायरी गुंडाळत होतो, तेव्हा ते जवळ आले आणि म्हणाले, 'हे लिहिलं कुणी?' मी म्हटलं, 'मी.' त्यांनी मान हलवली आणि निघून गेले. जेवायला थांबले नाहीत. तेव्हापासून ज्याच्यावर विनोद आहे त्याने संहिता आधी वाचून हो म्हटल्याशिवाय आम्ही तालीम सुरू करत नाही. कपडे उतरवण्याचे प्रकार, पदर घेऊन ठुमकण्याचे प्रकार आम्ही करत नाही, कुणाच्या बोलण्याच्या लकबीची टिंगलही नाही. यामुळे काही कामं गेली, ती गेलेली बरी.

मग प्रश्न आला की हसवायचं कशावर? आमचं उत्तर झालं, एखादी अवघड गोष्ट पूर्ण गांभीर्याने करण्यावर. निळं कापड तिथून आलं.

दोघांनी एक लांब निळं कापड छातीच्या उंचीवर ताणून धरायचं, ते पाणी. मागे सहा जण, डोक्यावर टोप्या, नाकाला चिमटे, चेहऱ्यावर स्पर्धेत उतरल्याचा ताण. संगीत सुरू होतं, सहा डोकी एकदम उजवीकडे वळतात, एकदम बुडतात, आणि पाठीवर झोपलेल्या दोघांचे पाय कापडाच्या वर येतात. पाण्याचा थेंब नाही आणि सिंक्रोनाइज्ड स्विमिंग, म्हणजे संगीतावर सगळ्यांनी एकसारख्या हालचाली करत पोहण्याचा खेळ, चालू. तालमीत मंडळी पहिल्यांदा हे 'बायकी' म्हणून हसतात. तेव्हा माझी भागीदार त्यांना या खेळाबद्दल सांगते. १९८४ साली तो ऑलिम्पिकमध्ये आला तो फक्त महिलांसाठी. जागतिक स्पर्धेत स्त्री-पुरुष जोडीचा प्रकार २०१५ साली रशियातल्या कझानमध्ये सुरू झाला. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पुरुषांना संघात घ्यायची पहिल्यांदा मुभा मिळाली, पण तिथे एकही पुरुष उतरला नाही. म्हणजे आयुष्यभर सराव करूनही संधी न मिळालेले पुरुष या खेळात आहेत. हे ऐकल्यावर तालमीतली थट्टा कमी होते आणि अ‍ॅक्ट दुप्पट रंगतो.

काउंटचं गणित मात्र सगळ्यांना आवडतं, विशेषतः इंजिनिअर मंडळींना. मिनिटाला १२० ठोक्यांचं संगीत घेतलं तर आठ ठोक्यांचा एक काउंट, म्हणजे एक 'आठ', चार सेकंदांत होतो. तीन मिनिटांचा अ‍ॅक्ट म्हणजे असे ४५ आठ. 'नाच' म्हटलं की घाबरणारा माणूस '४५ चौकटी भरायच्या आहेत' म्हटल्यावर वही काढतो. त्यातल्या दहा-बारा चौकटी पुन्हा पुन्हा येणाऱ्या असतात, चार-पाच तर नुसतं स्तब्ध उभं राहण्याच्या. सगळे मिळून हललेच नाहीत तर तेही प्रेक्षकांना खूप आवडतं.

ज्याला अजिबात जमत नाही त्याला कडेला किंवा मागे टाकायची सवय सगळीकडे आहे. रांग फिरली की तोच पुढे येतो आणि बघायला समोर कुणी नसतं. आम्ही त्याला दुसऱ्या रांगेत मधोमध ठेवतो. समोर, डावीकडे, उजवीकडे माणसं, चुकला तरी अर्ध्या काउंटमध्ये सावरतो. गुडघ्यावर उडी नाही, कुणाला उचलणं नाही, गुळगुळीत तळाचे बूट नाहीत. या तिन्ही गोष्टी सोडल्यावर आजवर कुणाचा पाय मुरगळलेला नाही.

ज्यांना नाचायचंच नसतं त्यांच्यासाठी ठोक्यांचा अ‍ॅक्ट आहे. इंग्लंडमधल्या ब्रायटनमध्ये १९९१ साली सुरू झालेल्या 'स्टॉम्प' या प्रयोगाने झाडू आणि कचऱ्याच्या डब्यांतून ताल काढता येतो हे जगाला दाखवलं. आम्ही ऑफिसातल्या वस्तू घेतो. स्टेपलर हॉलमध्ये ऐकूच जात नाही, त्याला वेगळा माईक लागतो. पाण्याचा रिकामा जार उत्तम घुमतो. फाइल टेबलावर आडवी आपटली तर टाळीसारखी वाजते. आठ जण, आठ वस्तू, आणि शेवटचा ठोका फोनच्या रिंगचा.

काळ्या प्रकाशाचा अ‍ॅक्ट, म्हणजे काळे कपडे, पांढरे हातमोजे आणि अतिनील दिवे, ज्यांत अंधारात फक्त हातमोजे चमकतात, आम्ही आता फार क्वचित करतो. एका हॉलमध्ये बाहेर पडायच्या दारावरचा दिवा सुरक्षेसाठी चालू ठेवावा लागला, आणि तो ठेवायलाच हवा होता. हवेत तरंगणाऱ्या हातांमागची माणसं सगळ्यांना दिसली. एका महिन्याची मेहनत होती. आता होकार देण्याआधी मी स्वतः जाऊन हॉल अंधारात बघून येतो.

आज आम्ही पाच जण आहोत. तालीम ४५ मिनिटांची, सहा वेळा, आणि शेवटची कपड्यांसकट. पार्टीच्या दोन दिवस आधी फोन आला तर आम्ही फक्त छोटा माणूस देतो, तोही दोघंच जण रोज भेटायला तयार असतील तर. निळं कापड तिसऱ्यांदा नवं शिवलंय. या वेळी वरच्या पट्टीत दोरी घातली आहे, म्हणजे धरणाऱ्यांचे हात भरून येणार नाहीत. आजवर ते दोघं सगळ्यात जास्त दमायचे आणि टाळ्या घ्यायला कधी पुढे यायचे नाहीत. आता शेवटच्या आठात कापड खाली टाकून ते स्वतःच नाकाला चिमटे लावतात आणि पाण्यात सूर मारतात.