कॉड, तंबाखू, तांदूळ : बॉस्टन ते चार्ल्सटन

अमेरिकेत बॉस्टनच्या स्टेट हाउसमध्ये प्रतिनिधी बसतात त्या सभागृहात वर एक लाकडी कॉड मासा टांगलाय, चांगला पाच फुटी. विधिमंडळात मासा बघून हसू येतं खरं; पण खडकाळ जमीन आणि लांबलचक हिवाळा यांत मॅसॅच्युसेट्स या इंग्रजांच्या वसाहतीला यानंच तारलं. शेती पोटापुरती, पैसा मासेमारीत, जहाजबांधणीत आणि व्यापारात.

कॉन्कॉर्ड, लेक्सिंग्टन अशी गावं बघत फिरलो. मधोमध सगळ्यांचं हिरवं मैदान, जवळच प्रार्थनागृह, भोवती घरं. १६४७च्या कायद्यानं पन्नास कुटुंबांच्या गावाला लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर ठेवणं भाग होतं. बायबल वाचता आलं नाही तर सैतान फसवेल, ही भीती. कारण काही का असेना, पोरं शिकली.

मग गाडी दक्षिणेला वळवली. व्हर्जिनियातलं जेम्सटाउन इंग्रजांनी वसवलं १६०७मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या त्यांच्या प्लिमथ या पहिल्या वस्तीच्या तेरा वर्षं आधी. तरी व्हर्जिनियात उत्तरेसारखी गावं उभी राहिली नाहीत. जेम्स नदीचा काठ बघितला की याचं कारण कळतं. तंबाखूच्या मोठ्या मळ्याला स्वतःचा धक्का असे. इंग्लंडचं जहाज मालकाच्या दारात लागायचं, तंबाखूची पिंपं चढवायचं आणि लंडनचा माल उतरवायचं. मध्ये बाजारपेठ हवी कोणाला? गव्हर्नर विल्यम बर्कली यानं तर १६७१मध्ये इथे मोफत शाळा नाहीत, छापखाने नाहीत म्हणून देवाचे आभारच मानले होते. व्हर्जिनियाची जुनी राजधानी विल्यम्सबर्ग देखणी आहे, पण मला जरा जास्तच रंगवलेली वाटली, म्हणून लवकर निघालो.

रमलो ते साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनला. शहराबाहेर अ‍ॅशली नदीकाठी ड्रेटन हॉल हा अठराव्या शतकातला वाडा मुद्दाम रिकामा ठेवलाय. ना झुंबरं, ना गालिचे. जवळच्या मिडलटन प्लेस या जुन्या मळ्यावर ‘कॅरोलिना गोल्ड’ भाताचं नमुन्याचं शेत आहे. इथल्या दलदलीतली सायप्रसची झाडं तोडून, मातीचे बांध घालून भातशेती उभी केली गुलामांनी. भरतीच्या जोरावर चढलेलं नदीचं गोडं पाणी लाकडी दारांतून शेतात घ्यायचं, ओहोटीला सोडायचं. आमच्या रायगडातल्या खारबंदिस्तीची उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, आठवली. तिथे मात्र खारं पाणी बाहेर अडवायचं असतं. हे कसब मालकांचं नव्हतं. पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या किनाऱ्यावरून माणसं पकडून आणली, त्यांच्यासोबत ते आलं. त्यांचे वंशज, गुल्ला लोक, आजही बाजारात गवताच्या टोपल्या विणत बसलेले दिसतात.

१७०८च्या सुमारास या वसाहतीत गोऱ्यांपेक्षा काळे जास्त झाले होते, आणि मालकांच्या मनात धास्ती. १७३९मध्ये स्टोनो नदीजवळ गुलामांचा उठाव झाला. पुढच्याच वर्षीच्या कायद्यात गुलामाला लिहायला शिकवणाऱ्यास शंभर पौंड दंड ठेवला. उत्तरेत मास्तर ठेवला नाही म्हणून गावाला दंड, दक्षिणेत शिकवलं म्हणून!

इथवर हिशेब सोपा वाटतो : उत्तर कष्टाळू आणि शिकलेली, दक्षिण ऐतखाऊ. पण कॉडचाच माग काढा. चांगला खारवलेला मासा स्पेन-पोर्तुगालला जाई. हलका, तुटका माल वेस्ट इंडीजच्या ऊसमळ्यांवर, गुलामांच्या पोटात. तिथली मळी न्यू इंग्लंडला येई, तिची रम बने आणि ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्टहून हीच रम आफ्रिकेत देऊन माणसं विकत घेतली जात. चार्ल्सटनचे धनिक हिवतापाच्या भीतीनं उन्हाळ्यात राहायला जात तेही याच न्यूपोर्टला. गुलामगिरीला कायद्यात जागा देणारी अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची पहिली इंग्रज वसाहतही मॅसॅच्युसेट्सच, १६४१मध्ये.

म्हणून परतल्यावर बॉस्टनजवळच्या मेडफर्डला रॉयल कुटुंबाचं घर पाहिलं. अँटिग्वातल्या ऊसमळ्याच्या पैशावर थाटलेलं. आवारात गुलामांच्या राहण्याची वेगळी इमारत अजून उभी आहे; उत्तरेत अशी दुसरी उरलेली नाही. इथे पर्यटकांच्या बसगाड्या फारशा येत नाहीत, आधी वेळा बघून जा. या घराचा वारस आयझॅक रॉयल याच्या देणगीतून हार्वर्डमध्ये कायद्याचं पहिलं अध्यासन सुरू झालं आणि त्याच्या घराण्याच्या चिन्हातल्या गव्हाच्या तीन पेंढ्या विधी महाविद्यालयाच्या मानचिन्हावर गेल्या. विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं, तेव्हा कुठे २०१६मध्ये ते मानचिन्ह बाद झालं.