सहा कोटींचा गालिचा आणि कस्टमचं काउंटर

आमच्या बैठकीच्या खोलीतल्या गालिच्याची किंमत सहा कोटी आहे. इराणी रियालमध्ये. पाहुण्यांना हे सांगताना आता मजा येते, पण ऑक्टोबर २०१९ मध्ये पहाटे साडेतीनला विमानतळाच्या रेड चॅनलमध्ये, म्हणजे आणलेलं सामान कस्टमला दाखवायच्या रांगेत, उभं राहून हाच आकडा एका साहेबांना समजावताना घशाला कोरड पडली होती. विमानतळ कोणता ते लिहीत नाही, उगाच कुणाचं नाव नको. पण राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहून टाकते.

इराणच्या त्या सहलीत व्हिसा, तिकिटं, हॉटेलं यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. फक्त एक: निर्बंधांमुळे इराणमध्ये आपली कार्डं चालत नाहीत, त्यामुळे सगळी रोकड युरोत नेली होती. तेहरानच्या फिरदौसी रस्त्यावर सराफांची, म्हणजे पैसे बदलून देणाऱ्यांची, रांगच आहे. तिथे एका दुकानात युरो मोडले, पावती घेतली आणि पर्समध्ये कोंबली. ही पावती लक्षात ठेवा.

गालिचा घेतला इस्फहानला, नक्श-ए-जहान चौकामागच्या बाजारात. दुकानदार साठीचे, थोडं इंग्रजी बोलणारे. चहा झाला आणि मग गठ्ठ्यातून एकेक गालिचा उलगडायला लागले. फारसीत गालिच्याला 'फर्श' म्हणतात. आपण त्याच शब्दाची फरशी केली आणि पुसायला घेतली! मोठा असेल तर 'काली', छोटा असेल तर 'कालीचे', आणि तिथूनच आपला गालिचा. मी मनात ठरवून गेले होते की कोयरीचा घ्यायचा. कोयरीला ते 'बोत्ते' म्हणतात. कुणी तिला वाऱ्याने वाकलेला सरू म्हणतं, कुणी ज्योत. मला ती आजीच्या शालूच्या पदरावरची कोयरीच दिसली. पण कोयरीचे जे आवडले ते परवडेनात आणि परवडले ते आवडेनात. शेवटी पसंत पडला तो नाइनचा, साधारण मीटर बाय दीड मीटर. सायरंगी जमीन, गडद निळे काठ आणि फुलांच्या कडांना पांढऱ्या रेशमाची बारीक रेघ.

नाइन हे इस्फहानच्या पूर्वेला वाळवंटाच्या काठावरचं गाव. पूर्वी तिथे लोकरीचे अबे, म्हणजे अंगावर घ्यायचे झगे, विणायचे. इराणचा राजा रझा शाह याच्या काळात (१९२५ ते १९४१) पाश्चात्य कपडे आले, अब्यांचं गिऱ्हाईक आटलं, आणि बारीक लोकरीवर बसलेला तोच हात गालिच्याकडे वळला. म्हणजे आज जगभर नावाजलेला हा प्रकार शंभर वर्षांचाही नाही. दुकानदाराने हे न लपवता सांगितलं, म्हणून मला ते आवडले. 'चूक फक्त देव करत नाही, म्हणून विणकर मुद्दाम एक गाठ चुकवतो' ही गोष्टही त्यांनी सांगितलीच. मला ती पर्यटकांसाठी राखून ठेवलेली वाटली. लाखो गाठी मारणाऱ्या माणसाला चुकण्यासाठी मुद्दाम काही करावं लागत असेल?

किंमत विचारली तर म्हणाले, "सहा." सहा काय? तिथे बोलताना तोमान, कागदावर रियाल. दहा रियालचा एक तोमान, आणि बोलताना शून्यं सगळी गिळून टाकतात. सहा म्हणजे साठ लाख तोमान, म्हणजे सहा कोटी रियाल. मी आधी दोनदा चुकीचा हिशेब केला. (खरं तर ते आठ म्हणाले होते. सहावर यायला तीन चहा लागले.)

बिल त्यांनी हाताने, फारसीत, फारसी आकड्यांत लिहिलं. त्यांचं शून्य म्हणजे नुसता टिंब. सहा आणि पुढे सात टिंबं. खाली शिक्का आणि दोन शब्द: पश्म, अब्रीशम. लोकर आणि रेशीम. मी खूश होऊन घडी घातली. इथेच चुकले. तुम्ही कधी गेलात तर बिलावर किंमत युरोत किंवा डॉलरमध्ये, इंग्रजीत लिहून मागा, आणि ताणा (उभे धागे) कशाचा, गाठी कशाच्या हेही स्पष्ट लिहून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, कुणी नाही म्हणत नाही.

आता काउंटर.

तेव्हाच्या नियमाने परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला ५० हजार रुपयांपर्यंतचं सामान माफ होतं, त्यावरच्या रकमेला ३८.५ टक्के शुल्क. माझा हिशेब सरळ होता. सराफाने युरोला सव्वा लाख रियाल दिले होते, म्हणजे गालिचा ४८० युरोंचा, सदतीस-अडतीस हजार रुपयांचा. शुल्क शून्य. तरी मी आपण होऊन रेड चॅनलमध्ये गेले, कारण एवढी मोठी गुंडाळी लपत नाही आणि मला लपवायचीही नव्हती. नवरा म्हणत होता, "ग्रीनमधून चल, काही न दाखवता, कोण विचारतंय?" ते वाक्य त्याने पुढच्या तीन तासांत किती वेळा ऐकवलं, मोजलं नाही.

साहेबांनी बिल हातात घेतलं, उलटं धरलं, सुलटं केलं. मी आकडा वाचून दाखवला. "सिक्स करोड?" रियाल, साहेब. त्यांच्याकडच्या दरपत्रकात रियाल होता, पण सौदीचा. त्या दराने माझा गालिचा शंभर कोटींच्या वर गेला, तेव्हा ते स्वतःच थांबले. मग मोबाइलवर शोधलं. मोबाइल म्हणाला, एका डॉलरला ४२ हजार रियाल. हा इराण सरकारने एप्रिल २०१८ मध्ये ठरवलेला सरकारी दर. बाजारात त्या दराने सामान्य माणसाला कुणी डॉलर देत नव्हतं, तिथे जवळपास तिप्पट चालू होतं. पण मोबाइलवर जे दिसतं ते खरं. ४२ हजाराने भागल्यावर गालिचा झाला एक लाख रुपयांच्या वर आणि शुल्क जवळजवळ वीस हजार.

मी म्हटलं, आम्ही दोघं आहोत, दोघांची माफी धरा. नाही. एका वस्तूसाठी दोघांची सवलत जोडता येत नाही. नियम बरोबर होता, त्यावर भांडले नाही.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे दुसरे, वयाने धाकटे साहेब आले, गालिच्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "हे तर फुल सिल्क आहे, लाखाच्याही वर जाईल." एका बाजूने हात फिरवला की चमकतो, उलट फिरवला की रंग गडद होतो. पण ते रेशमामुळे नाही, गाठींच्या टोकांचा कल एका दिशेला असतो म्हणून. लोकरीचा गालिचाही तसाच दिसतो. हे सांगून कोण ऐकतंय? एकाने सुचवलं, धागा जाळून बघू. मी म्हटलं, जाळा, पण लोकर आणि रेशीम दोन्हीला जळक्या केसाचाच वास येतो.

मग मला दुकानदाराचा धडा आठवला. गालिचा ओळखायचा तो पाठीवरून आणि दशांवरून. दशा म्हणजे शोभेसाठी शिवलेली झालर नव्हे. मागावरचा ताणा, उभे धागे, तेच दोन्ही टोकांना बाहेर आलेले असतात. झालर वेगळी शिवलेली दिसली तर संशय घ्यायचा. नाइनचा दर्जाच मुळी या धाग्यावर ठरतो. तिथे 'ला' मोजतात: चार ला, सहा ला, नऊ ला. ला म्हणजे ताण्याच्या एका धाग्यात पिळलेले पदर. जितके कमी पदर तितका धागा बारीक, आणि तितक्या गाठी दाट. माझा नऊ लाचा, म्हणजे तिघांतला सर्वांत साधा, आणि ताणा सुती.

साहेबांकडून कात्री मागितली. एका दशीचं टोक बोटभर कापलं, काउंटरच्या काचेवर ठेवलं आणि उलटा पीळ दिला. आधी तीन पेड सुटले. मग प्रत्येक पेडाचे तीन तंतू. पांढरे, चमक नसलेले, वातीच्या कापसासारखे नऊ तंतू. दोन्ही साहेब वाकून बघत होते. धाकट्याने स्वतः मोजले. "कॉटन," असं म्हणाला आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा कुतूहल दिसलं.

मग गालिचा उलटा केला. पाठीवर सगळी नक्षी तशीच उमटलेली, एकेक गाठ दाण्यासारखी. पट्टी ठेवली: एका सेंटिमीटरला पाच-सहा गाठी, आडव्या आणि उभ्या. चौरस सेंटिमीटरला तीस धरा, म्हणजे अख्ख्या गालिच्यात साडेचार लाखांच्या आसपास. दुकानदार म्हणाले होते, चांगला हात दिवसाला आठ-दहा हजार गाठी मारतो. धाकटा साहेब पुटपुटत भागाकार करायला लागला. मधलं गोल काय आहे, असंही त्याने विचारलं. त्याला तोरंज म्हणतात. इस्फहानच्या त्या चौकातल्या शेख लुत्फुल्ला मशिदीत उभं राहून वर बघितलं की घुमटाच्या आतून हेच दिसतं, मध्ये सूर्यासारखं वर्तुळ आणि भोवती पसरत गेलेली वेल. डोक्यावरचा घुमट पायाखाली अंथरलेला. आणि चार कोपऱ्यांत त्याचेच चतकोर तुकडे, म्हणजे नक्षी काठाला संपत नाही, काठाखालून पुढे चालूच आहे असं समजायचं. भोवतीची फुलं शाह अब्बासी, इस्फहानला राजधानी नेणाऱ्या शाह अब्बासच्या नावाची. मला बोलायला आवडत होतं, पण पहाटेचे पाच वाजले होते आणि वीस हजार रुपये अजून तिथेच होते.

कारण थोरले साहेब म्हणाले, "सुती असेल, पण बिल तर सहा कोटींचंच आहे ना?"

मी पर्स काउंटरवर उलटी केली. कंगवा, खजुराच्या बिया, शिराझच्या बागेची तिकिटं, आणि चुरगळलेली सराफाची पावती. छापील, इंग्रजीत, तारीख, दिलेले युरो, मिळालेले रियाल. मी बँकेत एकवीस वर्षं काढली आहेत, पावती टाकवत नाही. भागाकार त्यांच्याच कॅल्क्युलेटरवर करून दाखवला. थोरले साहेब पावती घेऊन आत गेले, पाऊण तास आले नाहीत, आणि आल्यावर एवढंच म्हणाले, "जाइए मॅडम." ना सही, ना कागद, ना सॉरी.

बाहेर आलो तेव्हा उजाडलं होतं. नवऱ्याने गुंडाळी खांद्यावर घेतली आणि तोंड उघडलं. मी म्हटलं, ग्रीन चॅनल म्हणालास तर बघ.

आणखी एक, आत्ता आठवलं म्हणून: गालिच्याला कसर लागते. पलंगाखाली गुंडाळून वर्षभर विसरू नका, उन्हापावसाकडे बघून अधूनमधून उलटा अंथरा. आणि सराफाची पावती घरी आल्यावर लगेच मोबाइलवर टिपून ठेवा. माझी गेल्या महिन्यात काढून बघितली, थर्मल कागदावरचं अक्षर न् अक्षर उडालंय.